आधी परवाना, मग मंगलाष्टकं

गेल्या उन्हाळ्यात एका बुधवारी रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. ओळखीतल्या घरातलं लग्न शनिवारी होतं, मुहूर्त सकाळी दहा चाळीसचा. घरात पुण्या-सांगलीहून आलेले पाहुणे, गॅरेजमध्ये रुखवत मांडून ठेवलेलं, दारात तोरण लागलेलं. मुलीच्या आईचा आवाज कापत होता. "अहो, गुरुजींनी लायसन्सचा फोटो मागितला म्हणून पाठवला, तर ते म्हणतात, ताई, हा कागद इथे चालणार नाही."

कागद खोटा नव्हता. मुलगा-मुलगी दोघं महिनाभर आधी फेअरफॅक्स काउंटीच्या सर्किट कोर्टात जाऊन, रीतसर पैसे भरून, सही-शिक्क्यासह तो घेऊन आले होते. पण फेअरफॅक्स व्हर्जिनियात, आणि लग्न ठरलं होतं पोटोमॅक नदीपलीकडे मेरीलँडमधल्या एका देवळात. घरापासून देऊळ पाऊण तासाच्या अंतरावर. रोज नोकरीसाठी नदी ओलांडणाऱ्या माणसाला ही राज्याची हद्द आहे हे जाणवतसुद्धा नाही. विवाहाच्या परवान्याला मात्र ती जाणवते. व्हर्जिनियाचं लायसन्स व्हर्जिनियाच्या हद्दीतच चालतं.

देऊळ प्रिन्स जॉर्जेस काउंटीत होतं. गुरुवारी सकाळी नवरामुलगा तिथल्या अप्पर मार्लबोरोच्या सर्किट कोर्टात एकटाच गेला, कारण नवरीच्या हातावर मेंदी काढायची बोलावणी झालेली. मेरीलँडच्या कायद्याप्रमाणे दोघांपैकी एकाने हजर राहून दोघांची माहिती शपथेवर दिली तरी चालतं, म्हणून हे जमलं. पण मेरीलँडचा परवाना हातात पडताक्षणी लागू होत नाही. ज्या दिवशी मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसानंतरचा दिवस उजाडावा लागतो, सकाळी सहा वाजल्यापासून तो लागू होतो. गुरुवारी मिळालेला परवाना शनिवारी सकाळी सहाला जिवंत झाला आणि दहा चाळीसला अक्षता पडल्या. तोच शुक्रवारी मिळाला असता, तर रविवार उजाडेपर्यंत गुरुजींना कायद्याने ते लग्न लावता आलं नसतं.

त्या घरातली माणसं निष्काळजी नव्हती. हॉल, केटरर, फोटोग्राफर, पैठण्या, पाहुण्यांच्या विमानतळावरच्या फेऱ्या, सगळं त्यांनी वहीत तारीखवार लिहून ठेवलं होतं. चूक झाली ती आपल्याकडच्या सवयीमुळे, आणि ही सवय आपल्या बहुतेकांच्या अंगात भिनलेली आहे. महाराष्ट्रात वैदिक पद्धतीने लग्न लागतं तेव्हा आधी लग्न आणि मग नोंदणी असा क्रम असतो. लग्न झालं, पूजा झाली, गोंधळ झाला, मग कधीतरी महापालिकेत नमुना 'ड' भरायचा, लग्नपत्रिका जोडायची, तीन साक्षीदार न्यायचे, पुरोहितांची सही घ्यायची. पुष्कळ जोडप्यांना हे सुचतं ते पासपोर्ट काढायची वेळ येते तेव्हा. अमेरिकेत हाच क्रम उलटा आहे. इथे आधी काउंटीने तुम्हाला लग्न करायला परवानगी द्यायची, त्या परवानगीच्या मुदतीत, तिच्या हद्दीत, कायद्याने मान्य असलेल्या माणसाने लग्न लावायचं, त्याने सही करून कागद परत पाठवायचा, आणि मग लग्नाची नोंद होते. लग्नपत्रिका कितीही देखणी असली तरी कोर्टाच्या खिडकीवर ती कोणी बघत नाही.

म्हणून दोन शब्द आधी मनात वेगळे करून घ्या. लायसन्स म्हणजे परवाना. तो लग्नाआधी मिळतो आणि त्याने लग्न झाल्याचं काहीच सिद्ध होत नाही. सर्टिफिकेट म्हणजे दाखला. तो लग्नानंतर मिळतो, आणि व्हिसा, बँक, विमा सगळीकडे तोच लागतो. या दोहोंना जोडणारा एकच दुवा आहे: लग्न लावणाऱ्याची सही आणि तो कागद वेळेत कोर्टात परत पोहोचणं. अडचणी अर्जाच्या खिडकीपेक्षा या दुव्याशी जास्त येतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

परवाना कुठल्या काउंटीत काढायचा, हे तुम्ही कुठे राहता यापेक्षा लग्न कुठे लागणार यावर ठरतं, असं धरून चालावं. आमच्या वॉशिंग्टन परिसरात तीन कायदे शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा तेच उदाहरण घेते. व्हर्जिनियात कुठल्याही काउंटीच्या सर्किट कोर्टाचं लायसन्स राज्यभर चालतं. फेअरफॅक्सला अपॉइंटमेंट मिळत नसेल तर लाउडन काउंटीच्या लीसबर्गला जा, आर्लिंग्टनला जा, काही बिघडत नाही. तुम्ही व्हर्जिनियाचे रहिवासी असायलाच हवेत असंही नाही. वाट बघायची मुदत नाही, त्याच दिवशी लग्न लावलं तरी चालतं. मात्र परवाना ६० दिवसांतच वापरावा लागतो. मेरीलँडमध्ये मुदत ऐसपैस, सहा महिन्यांची, पण परवाना ज्या काउंटीचा त्याच काउंटीत लग्न व्हायला हवं. लॅनहॅमच्या शिव-विष्णू मंदिरात लग्न असेल तर प्रिन्स जॉर्जेस काउंटीचाच परवाना हवा. शेजारच्या माँटगोमेरी काउंटीत राहता म्हणून रॉकव्हिलच्या कोर्टातून तो आणलात तर उपयोग नाही. आणि नदीकाठची राजधानी, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया, तिथे परवाना सुपीरियर कोर्टातून मिळतो, वाट बघावी लागत नाही आणि तो कालबाह्यही होत नाही.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांनी लग्न जिथे लागणार त्या काउंटीचं संकेतस्थळ उघडून चार गोष्टी शोधाव्यात: किती तास थांबावं लागतं, परवाना किती दिवस चालतो, कुठे चालतो, आणि लग्न कोण लावू शकतो. इलिनॉयमध्ये परवाना दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, ६० दिवस चालतो आणि फक्त त्याच काउंटीत चालतो. शिकागोत राहून ड्युपेज काउंटीतल्या हॉलमध्ये लग्न करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं. टेक्ससमध्ये ७२ तास थांबावं लागतं. कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही, ९० दिवस मिळतात आणि राज्यात कुठेही लग्न करता येतं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत तर हे काम काउंटीकडे नाहीच, शहराच्या किंवा गावाच्या कार्यालयात जावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये २४ तास, न्यू जर्सीत ७२ तास थांबायचं. जॉर्जिया आणि ओहायोत परवाना देतं ते प्रोबेट कोर्ट, म्हणजे जिथे मृत्युपत्रांचं काम चालतं ते. पेनसिल्व्हेनियात खिडकीवरची पाटी वाचून एका आजी दचकल्या होत्या, कारण तिथल्या कोर्टाचं नाव ऑर्फन्स कोर्ट, अनाथांचं न्यायालय. नाव जुन्या इंग्रजी काळातलं आहे, काम वारसा आणि कुटुंबाच्या कागदांचं. घाबरायचं काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येऊ. बऱ्याच काउंट्यांत अर्जाची माहिती घरूनच संगणकावर भरून ठेवता येते आणि मग ठरलेल्या वेळी दोघांनी कोर्टात हजर व्हायचं. व्हर्जिनियात दोघांनीही स्वतः जावं लागतं. सोबत फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र हवं, आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे इथलं ड्रायव्हिंग लायसन्स नाही त्यांना भारतीय पासपोर्ट पुरतो. विद्यार्थी व्हिसावर आहात, एच-वनवर आहात, नुकतेच आला आहात, यातल्या कशानेही परवाना अडत नाही. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड ही परवान्याची अटच नाही. सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. तो मिळालेलाच नसेल तर तसं सरळ सांगायचं, मनाने आकडा घालायचा नाही. रक्ततपासणीचं विचाराल तर व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये ती लागत नाही. साक्षीदारही लागत नाहीत, त्यामुळे मामा-मावशीला सुट्टी काढून कोर्टात नेण्याची गरज नाही. व्हर्जिनियात फी साधारण ३० डॉलरच्या घरात असते, मेरीलँडमध्ये काउंटीप्रमाणे बदलते. काही कार्यालयं फक्त रोख घेतात, काही कार्डावर वरचे पैसे लावतात, तेव्हा दोन्हींची सोय करून जावं. वय १८ पूर्ण हवं. व्हर्जिनियाने २०२४च्या जुलैपासून यातल्या सगळ्या सवलती बंद केल्या, ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

अर्जातला सगळ्यांत नाजूक रकाना नावाचा. आपलं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन नावं एकाच ओळीत येतात. नोकरीच्या ठिकाणी वडिलांचं नाव गाळलेलं असतं, बँकेत फक्त आद्याक्षर असतं, आणि एखाद्या मुलीचं घरचं नाव वेगळंच. अर्जावर नाव लिहिताना पासपोर्ट उघडा ठेवा आणि अक्षर न् अक्षर त्यातलंच उतरवा. माझ्या भाचीच्या अर्जात 'श्री' या अक्षराच्या स्पेलिंगमधला एक 'एच' राहिला होता. खिडकीतल्या बाईंनी कागद छापून आमच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, सावकाश वाचा. भाचीने वरवर पाहून मान डोलावली होती, पण तिच्या होणाऱ्या नवऱ्याने बोट ठेवून ओळीओळीने वाचलं आणि तो एच सापडला. दोन मिनिटांत दुरुस्ती झाली. लग्न लागल्यावर लक्षात आलं असतं तर अर्ज-पुराव्यांत महिनोन्‌महिने गेले असते. म्हणून कितीही लांब रांग असली तरी छापलेला कागद तिथेच उभं राहून वाचा, दोघांनीही वाचा.

आईवडिलांची नावं विचारतात, त्यात आईचं माहेरचं आडनावही. हे बऱ्याच मुलांना पटकन आठवत नाही, आदल्या रात्री आईला फोन करून स्पेलिंगसकट लिहून घ्यावं. आधीचं लग्न झालं असेल तर ते कितवं, कशाने संपलं, कुठल्या तारखेला, हेही सांगावं लागतं. घटस्फोट पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या कोर्टात झाला असेल तर निकालाची प्रत जवळ ठेवा, आणि ती मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह. काही राज्यांत घटस्फोटानंतर लगेच दुसरं लग्न करता येत नाही: टेक्ससमध्ये ३० दिवस, विस्कॉन्सिनमध्ये तर सहा महिने थांबावं लागतं.

एक प्रश्न आपल्या घरांत मोकळेपणाने बोलला जात नाही, म्हणून मीच काढते. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे कित्येक घरांत मानाची सोयरीक. इथे मात्र नातं काय हे अर्जात विचारतात, आणि उत्तर शपथेवर द्यावं लागतं. व्हर्जिनिया, मेरीलँड, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या राज्यांत सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नाला हरकत नाही. टेक्सस, ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात ते कायद्याने चालत नाही. असं नातं असेल तर हॉल ठरवण्याआधी राज्य ठरवा.

माहिती भरून झाली की क्लार्क उजवा हात वर करायला सांगतात आणि दिलेली माहिती खरी आहे अशी शपथ देतात. अनेक मुलं-मुली इथे पहिल्यांदा गंभीर होताना मी पाहिली आहेत. ना सनई, ना अंतरपाट, काचेच्या खिडकीसमोर दोघं हात वर करून उभी, आणि तेवढ्यात जाणवतं की आता खरंच लग्न होतंय.

व्हर्जिनियाच्या अर्जात २०१९पर्यंत आणखी एक प्रश्न होता: तुमचा वंश कोणता? त्यावर जोडप्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि ती सक्ती गेली. या प्रश्नाची मुळं १९२४च्या कायद्यात होती, ज्याने या राज्यात गोऱ्यांना इतर वंशाच्या माणसाशी लग्न करायला बंदी केली होती. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या कॅरोलाइन काउंटीतल्या जोडप्याने १९५८च्या जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, घरी परतले आणि लग्नाचा दाखला निजायच्या खोलीत भिंतीवर लावला. जुलैत मध्यरात्री शेरीफ घरात शिरला तेव्हा त्यांनी तो दाखला दाखवला. तो इथे चालत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. २५ वर्षं राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर त्यांची तुरुंगवासाची शिक्षा स्थगित झाली. अखेर १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे सगळे कायदे रद्द केले. आज आपल्या घरातली मुलगी गोऱ्या किंवा काळ्या जोडीदाराचा हात धरून ज्या व्हर्जिनियात अर्ज भरते, तिथे तिची वाट या दोघांनी मोकळी केली आहे. २०१५च्या जूनपासून दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांनाही देशभर प्रत्येक काउंटीत हाच परवाना याच खिडकीवर मिळतो. आपल्या मराठी मंडळातल्या ज्या आईवडिलांना हे विचारायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते.

परवाना हातात आला. आता लग्न लावणार कोण? इथे पुन्हा राज्याराज्यांत फरक. मेरीलँडमध्ये त्या त्या धर्माच्या रीतीप्रमाणे अधिकार असलेले गुरुजी लग्न लावू शकतात, कोर्टाकडे वेगळी नोंद करावी लागत नाही. व्हर्जिनियात मात्र गुरुजींनी स्वतःच्या अधिकाराची कागदपत्रं दाखवून आधी सर्किट कोर्टाकडून अधिकृत मान्यता घेतलेली असावी लागते. ओहायोत गुरुजींची नोंद राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे हवी. त्यामुळे न्यू जर्सीहून किंवा थेट भारतातून आपले घरचे गुरुजी बोलावणार असाल, तर दक्षिणेचा आकडा ठरवण्याआधी हा प्रश्न विचारा: या राज्यात तुम्हाला लग्न लावायचा अधिकार आहे का? प्रश्न विचारण्यात कसलाही अपमान नाही. जाणते गुरुजी स्वतःच हा विषय काढतात, आणि परवाना पाहिल्याशिवाय बोहल्याजवळ बसत नाहीत.

अधिकार नसेल तर मार्ग निघतो. विधी घरच्या गुरुजींनी करावेत आणि कागदावर सही अधिकार असलेल्या स्थानिक पुरोहितांनी करावी, पण मग तेही त्या वेळी मांडवात हजर हवेत आणि लग्न त्यांच्यासमोर व्हायला हवं. किंवा आदल्या दिवशी कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर दोघांनी दहा मिनिटांत कायदेशीर लग्न उरकावं. मेरीलँडमध्ये कोर्टातले क्लार्कच साधारण २५ डॉलरमध्ये लग्न लावून देतात. राजधानीत तर जोडप्याला स्वतःचं लग्न स्वतः लावून स्वतःच सही करायची मुभा आहे, आणि पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथाच्या परंपरेतून आलेला एक वेगळा परवाना मिळतो, ज्यात लग्न लावणाऱ्याची गरजच नसते, दोन साक्षीदार पुरतात.

लग्नाच्या दिवशी तो कागद कोणाकडे? हा प्रश्न मी प्रत्येक घरात विचारते आणि बहुतेक ठिकाणी एकमेकांकडे बघितलं जातं. माझं म्हणणं असं, की करवलीच्या किंवा धाकट्या दिराच्या हवाली करू नका, त्यांना त्या दिवशी शंभर कामं असतात. वधू-वरांच्या बाजूचा एक शांत, साठीपुढचा माणूस निवडा. त्याच्याकडे जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात परवाना, काळ्या शाईची दोन पेनं आणि कोर्टाचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं दुसरं पाकीट द्या. सही सप्तपदी झाल्यावर, जेवणाच्या पंगती बसण्याआधी घ्यायची. हळदी-कुंकवाचे हात आधी पुसून घ्या. एका लग्नात कागदावर कुंकवाचं बोट उमटलं होतं आणि परत पाठवताना सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. लग्नाचं ठिकाण लिहिताना शहराबरोबर काउंटीचंही नाव अचूक हवं.

आणि मग परतीचा प्रवास. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये लग्न लावणाऱ्याने पाच दिवसांत भरलेला कागद कोर्टाकडे परत पाठवायचा असतो, कॅलिफोर्नियात दहा दिवसांत, टेक्ससमध्ये ३० दिवसांत. जबाबदारी गुरुजींची, पण त्रास होतो तो तुम्हाला. एका जोडप्याचं लग्न ऑक्टोबरात झालं. जानेवारीत मुलीच्या एच-फोर व्हिसासाठी दाखला मागायला गेले तर कोर्टात नोंदच नाही. शोधाशोध केली तेव्हा परवाना गुरुजींच्या पूजेच्या पिशवीत, पंचांगाच्या पानांत जसाच्या तसा सापडला. ते वृद्ध गृहस्थ इतके ओशाळले की बघवेना. नोंद झाली, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख गेली. म्हणून सही झाल्याबरोबर कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, आणि गुरुजींना नम्रपणे म्हणा, "आम्हीच सोमवारी पोहोचवतो, तुम्ही काळजी करू नका." बहुतेक गुरुजी आनंदाने देतात. आठवड्याभरात कोर्टाला फोन करून नोंद झाली का ते विचारा.

दाखला आपोआप घरी येईल या भरवशावर राहू नका. पुष्कळ ठिकाणी तो मागावा लागतो, पैसे भरून. कधी कधी लग्नानंतर एक सुंदर वेलबुट्टीचा कागद मिळतो, तो भिंतीवर लावायचा. व्हिसा आणि इमिग्रेशनला लागते ती शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी. किमान चार तरी काढा. व्हर्जिनियात ती सर्किट कोर्टातून मिळते, नोंद राज्याच्या दप्तरात पोहोचली की डीएमव्हीच्या, म्हणजे मोटार वाहन विभागाच्या, कार्यालयातूनही मिळते. भारतात वापरायची असेल तर त्या कॉपीवर राज्याकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारं प्रमाणन, करून घ्यावं लागतं. व्हर्जिनियात हे काम रिचमंडला होतं. भारत २००५पासून अपोस्टिलच्या करारात असल्यामुळे त्यापुढे वकिलातीचे वेगळे शिक्के लागत नाहीत.

इथे कोर्टात आधी लग्न आणि सहा महिन्यांनी पुण्यात वाजतगाजत लग्न, असं आता पुष्कळ घरांत होतं. त्यात वावगं काही नाही. फक्त कायद्याने तुमचं लग्न कोर्टातल्या त्या दिवशी झालेलं असतं, आणि व्हिसाच्या, कराच्या, पासपोर्टच्या प्रत्येक अर्जावर तीच तारीख लिहायची. पुण्याच्या लग्नाची पुन्हा वेगळी नोंदणी करून दुसरा दाखला काढण्याआधी वकिलाला विचारा. एकाच जोडप्याचे दोन तारखांचे दोन दाखले पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा करायला लावतात. के-वन, म्हणजे अमेरिकन नागरिकाशी लग्न करायला येण्याच्या, व्हिसावर आलेल्यांना तर तारखांचा खेळ परवडतच नाही. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून ९० दिवसांत इथेच कायदेशीर लग्न व्हायला हवं, आणि त्यात अपॉइंटमेंट, थांबायचे तास, मुहूर्त सगळं बसवायचं असतं.

राहिलं नाव बदलणं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो आणि पेढे वाटतात. कोणाला ती रीत हवी, कोणाला नको, तो तिचा प्रश्न. कायद्याची रीत मात्र राज्यागणिक वेगळी आहे. व्हर्जिनियात लायसन्सवर जुनंच नाव असतं आणि लग्नानंतर सर्टिफाइड कॉपी दाखवून आधी सोशल सिक्युरिटी, मग डीएमव्ही असं बदलत जायचं. कॅलिफोर्नियात २००९पासून नवं नाव परवान्याच्या अर्जातच लिहावं लागतं, लग्नानंतर त्या कागदावर ते वाढवता येत नाही. आणि तिथे मधलं नाव म्हणून आडनावांपैकीच काही निवडता येतं. वडिलांचं नाव काढून नवऱ्याचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत त्या रकान्यात बसत नाही, तांदळातलं नवं पहिलं नावही बसत नाही. तसं हवंच असेल तर कोर्टात नाव बदलण्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तेव्हा खिडकीवर उभं राहून एकमेकांना विचारण्यापेक्षा आठवडाभर आधी चहा घेताना दोघांनी हे ठरवून टाका. आणि लग्नानंतरच्या सहलीचं विमानाचं तिकीट पासपोर्टवर आज जे नाव आहे त्याच नावाने काढा.